युद्ध दोन आठवड्यांचं, नोकरी पुढची पंचवीस वर्षं: 'विक्रांत' शेवटी भंगारात का गेली?

दरवर्षी ४ डिसेंबरला, म्हणजे नौदल दिनाला, एक जुना फोटो मोबाईलवर फिरतोच. लांबलचक युद्धनौका, सपाट डेक, डेकवर उभी विमानं आणि खाली ओळ, '१९७१ची रणरागिणी, आयएनएस विक्रांत'. फोटो आला की कमेंटमध्ये भांडणही ठरलेलं. एक जण लिहितो, 'एवढी मोठी नौका साठ कोटींना भंगारात काढली, लाज वाटली पाहिजे.' दुसरा सांगतो, 'तिचं लोखंड मोटरसायकलमध्ये गेलं.' तिसरा म्हणतो, 'अफवा आहे, विक्रांत तर अजून नौदलात आहे.'

गंमत म्हणजे तिघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. जुनी विक्रांत २०१४ साली खरोखरच साठ कोटी रुपयांना विकली गेली. तिचं लोखंड घेऊन बजाजने २०१६ साली 'व्ही १५' नावाची मोटरसायकल बाजारात आणली आणि तेच तिच्या जाहिरातीचं मुख्य भांडवल होतं. आणि विक्रांत नावाची विमानवाहू नौका आज नौदलात आहे, पण ती दुसरी. कोचीत बांधलेली आणि २ सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झालेली.

या भांडणात एक प्रश्न मात्र सहसा कुणी विचारत नाही. १९७१चं युद्ध संपल्यावर ही नौका पंचवीस वर्षं नौदलात होती. एवढ्या काळात तिने काय केलं? आणि निवृत्तीनंतर ती आणखी सतरा वर्षं मुंबईच्या बंदरात उभी होती, तर मग तेवढ्या वेळात तिचं संग्रहालय का होऊ शकलं नाही? लोखंड विकलं गेलं ही गोष्टीची शेवटची ओळ आहे. खरी गोष्ट त्याआधीच्या चाळीस वर्षांत आहे.

अर्धवट बांधलेलं जहाज भारतात कसं आलं?

विक्रांतचा जन्म झाला तो दुसऱ्या महायुद्धासाठी. ऑक्टोबर १९४३ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला 'एचएमएस हर्क्युलीस' या नावाने तिचं बांधकाम सुरू झालं. सप्टेंबर १९४५ मध्ये तिचा सांगाडा पाण्यात उतरवला, पण तोवर युद्धच संपलं होतं. १९४६ मध्ये काम थांबवलं आणि हे अर्धवट जहाज पुढची दहा-अकरा वर्षं तसंच पडून राहिलं.

१९५७ मध्ये भारताने ते विकत घेतलं. उरलेलं काम बेलफास्टच्या गोदीत झालं आणि ४ मार्च १९६१ रोजी ब्रिटनमधल्या भारताच्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या उपस्थितीत 'आयएनएस विक्रांत' नौदलात आली. नोव्हेंबरमध्ये ती मुंबईत पोहोचली, तेव्हा स्वागताला पंतप्रधान नेहरू स्वतः हजर होते. पुढच्याच महिन्यात गोवा मुक्तीच्या कारवाईत बाहेरून कुणी नाक खुपसू नये म्हणून ती समुद्रात गस्तीवर होती. १९६५च्या युद्धावेळी ती मुंबईत दुरुस्तीसाठी गोदीत होती. तरीही आपण ती बुडवली, असा दावा पाकिस्तानने करून टाकला.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नौका १९६१ साली 'नवी' म्हणून आली, तरी तिचा आराखडा १९४०च्या दशकातला होता आणि सांगाड्याचं लोखंडही त्याच काळातलं. म्हणजे नोकरीला लागली तेव्हाच तिचं निम्मं वय कागदावर न दिसणारं होतं.

१९७१: आजारी इंजिन घेऊन युद्धात

१९७१ची गोष्ट बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात. १९७० मध्ये विक्रांतच्या बॉयलरच्या ड्रमना भेगा पडल्याचं लक्षात आलं. वेल्डिंग करून भागण्यासारखं नव्हतं आणि नवे ड्रम भारतात मिळत नव्हते. ते ब्रिटनकडून मागवावे लागणार होते. नौका कित्येक महिने मुंबईत थांबून राहिली.

युद्धाची चिन्हं दिसू लागली तेव्हा नौदलाने जोखीम घेतली. नवे ड्रम न बसवताच बॉयलर कमी दाबावर चालवायचे ठरले. वाफेचा दाब कमी म्हणजे वेग कमी. शिवाय त्या काळी डेकवरून विमान भिरकावण्यासाठी वाफेवर चालणारं कॅटापल्ट, म्हणजे एक प्रकारची अवाढव्य गलोलच, वापरली जायची. त्यामुळे वाफ कमी पडली तर विमानंही अडून बसणार, अशी अवस्था.

तरी ती बंगालच्या उपसागरात गेली. तिला बुडवायला आलेली पाकिस्तानची पाणबुडी 'गाझी' विशाखापट्टणमजवळ स्वतःच बुडाली. ती नेमकी कशामुळे बुडाली, यावर दोन्ही देश आजही वेगवेगळं सांगतात. ४ डिसेंबरपासून विक्रांतवरच्या सी हॉक आणि अलिझे विमानांनी कॉक्स बाजार, चितगाव, खुलना, मोंगला इथल्या बंदरांवर आणि धावपट्ट्यांवर हल्ले केले. पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याची समुद्रातून सुटकेची वाट बंद झाली. नौकेवरच्या लोकांना दोन महावीर चक्रं आणि बारा वीर चक्रं मिळाली.

एक दुरुस्ती जाता जाता. नौदल दिन ४ डिसेंबरला असतो तो विक्रांतमुळे नाही. त्या रात्री आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराची बंदरावर हल्ला केला, त्याची ती आठवण आहे. फोटो मात्र विक्रांतचा फिरतो, यावरून लोकांच्या मनात तिची जागा काय आहे ते कळतं.

युद्ध संपलं, पुढे काय?

१६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली. विक्रांतचं युद्ध जेमतेम दोन आठवड्यांचं. त्यानंतर तिच्या विमानांना पुन्हा कधीच लढाईत बॉम्ब टाकावा लागला नाही. मग पुढची पंचवीस वर्षं एवढा खर्च करून तिला ठेवलं कशासाठी?

याचं उत्तर विमानवाहू नौका या प्रकारातच आहे. जमिनीवरच्या धावपट्टीला दोन-अडीच किलोमीटर लांबी मिळते. विक्रांतची एकूण लांबी होती सुमारे २१३ मीटर. तीही समुद्राबरोबर वरखाली होणारी. त्या पट्ट्यावर विमान उतरवणं हे पुस्तक वाचून येत नाही. वैमानिक, विमानांना इशारे देणारे, डेकवर विमानं हलवणारे, खालच्या मजल्यावर दुरुस्ती करणारे, इंजिनरूममध्ये वाफ सांभाळणारे अशा हजारावर माणसांची घडी बसावी लागते. ती एकदा मोडली तर पुन्हा बसवायला अनेक वर्षं जातात. जुन्यांनी नव्यांना हाताला धरून शिकवायचं, हाच एक मार्ग.

म्हणजे शांततेच्या काळात विक्रांत होती ती एक शाळा. तिच्यावर पहिल्यांदा विमान उतरवणारे भारतीय वैमानिक आर. एच. ताहिलियानी पुढे, १९८४ मध्ये, नौदलप्रमुख झाले. सी हॅरियर विमानांच्या स्क्वाड्रनचं सुरुवातीला नेतृत्व करणारे अरुण प्रकाश २००४ मध्ये नौदलप्रमुख झाले. ही दोन नावं वरची. त्यांच्याखाली शेकडो लोक असे होते, ज्यांची नावं कधी छापून आली नाहीत.

पण या शाळेची इमारतच जुनी झाली होती. सत्तरचं दशक संपताना सी हॉक विमानांचे दिवस भरले. बॉयलरचं दुखणं होतंच. इथे सरकारपुढे दोन रस्ते होते. एक, नौका मोडीत काढायची आणि विमानवाहू नौकेचा नाद सोडायचा. तसं करणारे देश त्या काळात होते. कॅनडाने आपली एकुलती एक विमानवाहू नौका १९७० मध्ये निवृत्त केली आणि दुसरी घेतलीच नाही. ऑस्ट्रेलियाने १९८२ मध्ये तेच केलं. या दोन्ही नौका विक्रांतच्याच वर्गातल्या, म्हणजे सख्ख्या बहिणीच.

भारताने दुसरा रस्ता धरला. १९७९ मध्ये विक्रांत मोठ्या दुरुस्तीसाठी गोदीत गेली. बॉयलर, रडार, संपर्क यंत्रणा, विमानविरोधी तोफा बदलल्या. १९८३ च्या अखेरीस ब्रिटनहून सी हॅरियर आली. हे विमान हेलिकॉप्टरसारखं सरळ खाली उतरू शकायचं आणि उडायला त्याला कॅटापल्टची गरज नव्हती. गोव्यात दाबोळीला या विमानांचं घर आणि समुद्रात विक्रांत, अशी व्यवस्था झाली.

१९८७ ते १९८९ या काळात आणखी मोठी शस्त्रक्रिया झाली. वाफेचं कॅटापल्ट काढून टाकलं आणि डेकच्या पुढच्या टोकाला ९.७५ अंशांचा चढ बांधला. याला 'स्की जंप' म्हणतात. आखूड डेकवरून धावत आलेलं विमान या चढामुळे वर फेकलं जातं, त्यामुळे ते जास्त इंधन आणि शस्त्रं घेऊन उडू शकतं. ज्या गलोलीची १९७१ मध्ये धाकधूक होती, तिची गरजच संपली.

याचं महत्त्व आज कळतं. आज नौदलात असलेल्या विक्रमादित्य आणि नवी विक्रांत या दोन्ही नौकांवर विमानं स्की जंपवरूनच उडतात. विक्रांतवर हॅरियर उडवणारी 'आयएनएएस ३००' ही स्क्वाड्रन २०१६ मध्ये हॅरियर निवृत्त झाल्यावर मिग २९ के उडवू लागली. विमान बदललं, नौका बदलली, पण माणसांची साखळी १९६१ पासून तुटली नाही. ती टिकवण्याचं काम विक्रांतने, आणि १९८७ नंतर तिच्याबरोबर आयएनएस विराटने केलं. १९७१च्या दोन आठवड्यांइतकंच हे काम मोठं आहे, फक्त त्याचा फोटो निघत नाही.

शेवटची फेरी आणि निवृत्ती

नव्वदच्या दशकात मात्र दुरुस्त्यांचं गणित बिघडलं. १९९१ मध्ये सहा महिने, मग १९९२ ते १९९४ दरम्यान चौदा महिने नौका गोदीतच होती. जुनी गाडी गॅरेजमध्ये जास्त आणि रस्त्यावर कमी दिसायला लागली की घरातले काय ठरवतात, ते वेगळं सांगायला नको.

२३ नोव्हेंबर १९९४ रोजी विक्रांत शेवटची समुद्रात गेली. जानेवारी १९९५ मध्ये नौदलाने ठरवलं की यापुढे ती फक्त तरंगत राहील एवढीच तिची काळजी घ्यायची. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती अधिकृतपणे निवृत्त झाली. एकूण सेवा जवळपास ३६ वर्षं.

संग्रहालयाचं भिजत घोंगडं

निवृत्तीच्या वेळीच ठरलं होतं की विक्रांत मोडायची नाही, मुंबईत तिचं संग्रहालय करायचं. याला विरोध कुणाचाच नव्हता. केंद्र, राज्य, नौदल, राजकीय पक्ष, मुंबईकर, सगळे बाजूने. मुंबई बंदरातल्या ऑयस्टर रॉकजवळ ती कायमची उभी करावी, ही कल्पना बरीच वर्षं चर्चेत होती.

मग घोडं अडलं कुठे? एका साध्या प्रश्नावर. दरवर्षीचा खर्च कुणी द्यायचा?

किल्ला किंवा पुतळा दहा वर्षं दुर्लक्षित राहिला तरी उभा राहतो. पाण्यातल्या पोलादी जहाजाचं तसं नसतं. खाऱ्या पाण्यात लोखंड रोज गंजतं. तळाला शिंपले आणि शेवाळ धरतं. आत पाझरलेलं पाणी पंपाने उपसत राहावं लागतं. वीज लागते, आग विझवायची यंत्रणा लागते, पहारा लागतो. आणि काही वर्षांनी अख्खं जहाज कोरड्या गोदीत नेऊन तळाचे पत्रे तपासावे, बदलावे लागतात. विक्रांत मावेल एवढ्या मोठ्या गोद्या आपल्याकडे मोजक्या आणि त्या चालू युद्धनौकांनाही पुरत नाहीत. लढणारी नौका रांगेत थांबवून निवृत्त नौकेला आधी आत घ्या, असं कुठलाही नौदल अधिकारी म्हणणार नाही.

जागेचाही प्रश्न होता. दोनशे मीटरहून लांब जहाज धक्क्याला उभं राहिलं की तेवढा धक्का अडतो. मुंबईच्या नौदल गोदीत जागेची आधीच ओढाताण.

नौदलाने २००१ मध्ये नौका लोकांना पाहण्यासाठी खुली केली. अनेक शाळांच्या सहली तिथे गेल्या. पण ही तात्पुरती सोय होती. नौदल हे संग्रहालय चालवणारं खातं नाही. कायमची जबाबदारी राज्य सरकारने घ्यायची होती आणि राज्य सरकार खासगी भागीदाराच्या शोधात होतं. भागीदार हिशेब करायचा, दुरुस्तीचा आकडा पाहायचा आणि निघून जायचा. सरकारं बदलली, प्रस्ताव बदलले, पण 'दरवर्षीचा खर्च' या रकान्यात कुणाचंच नाव लिहिलं गेलं नाही.

यात सगळ्यात मोठं नुकसान वेळेचं झालं. १९९७ मध्ये निर्णय झाला असता तर जहाज बऱ्या अवस्थेत होतं. प्रत्येक वर्ष गेलं तसा गंज वाढला, दुरुस्तीचा आकडा वाढला आणि तो वाढला तसा पुढचा भागीदार आणखी लांब पळाला. २०१२ मध्ये नौका लोकांसाठी धोकादायक ठरवून बंद करण्यात आली.

लिलाव, कोर्ट आणि दारूखाना

ऑगस्ट २०१३ हा महिना विचित्र होता. १२ तारखेला कोचीत नव्या विक्रांतचं जलावतरण झालं, देशभर कौतुक झालं. आणि त्याच महिन्यात नौदलाच्या पश्चिम विभागाचे तेव्हाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल शेखर सिन्हा यांनी जाहीर केलं की जुनी विक्रांत सांभाळणं आता शक्य नाही, ती मोडीत निघेल.

डिसेंबर २०१३ मध्ये लिलावाचा निर्णय झाला. त्याविरोधात मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. न्यायालयाने ती फेटाळली. नौकेची अवस्था जतन करण्यासारखी उरलेली नाही आणि त्यासाठी लागणारा पैसा किंवा सरकारी पाठबळही नाही, असा त्याचा मथितार्थ. जानेवारी २०१४ मध्ये ऑनलाइन लिलावात दारूखान्यातल्या एका जहाजतोड व्यावसायिकाने ती साठ कोटींना घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथेही १४ ऑगस्ट २०१४ रोजी याचिका फेटाळली गेली. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी तोडकामाला सुरुवात झाली. बॅलार्ड पियरला जिचं पंतप्रधानांनी स्वागत केलं होतं, ती तिथून काही किलोमीटरवरच्या दारूखान्यात तुकड्यातुकड्यांनी संपली.

आज मुंबईत तिची आठवण म्हणून लायन गेटजवळ तिच्याच लोखंडातून घडवलेलं एक शिल्प आहे. २०१६ च्या जानेवारीत ते उभारलं. तिच्यावरून उडालेल्या सी हॉक, अलिझे, सी हॅरियर या जातीची विमानं मात्र गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात आजही बघता येतात. विमानं जमिनीवर ठेवता येतात, म्हणून ती वाचली.

'विराट'च्या वेळी तरी शहाणपण आलं का?

विक्रांतच्या वेळी ठेच लागली, तर विराटच्या वेळी शहाणपण यायला हवं होतं. विराट म्हणजे ब्रिटनची 'एचएमएस हर्मिस'. १९८२च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. १९८७ पासून तीस वर्षं भारतीय नौदलात राहून ६ मार्च २०१७ रोजी ती निवृत्त झाली.

या वेळी महाराष्ट्र सरकार पुढे आलं. नोव्हेंबर २०१८ मध्ये मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ विराटचं संग्रहालय आणि सागरी साहस केंद्र करायला मंजुरी दिली. खर्च ८५२ कोटी रुपये, खासगी भागीदारीतून. म्हणजे पुन्हा तेच, मुख्य पैसा बाहेरून येणार या भरवशावर. तो आला नाही. स्वतःच्या पायावर उभा राहील असा, आर्थिकदृष्ट्या पूर्ण प्रस्ताव मिळाला नाही म्हणून नौका मोडीत काढत आहोत, असं २०१९ मध्ये संसदेत सांगण्यात आलं.

२०२० मध्ये विराट ३८.५४ कोटी रुपयांना विकली गेली आणि गुजरातमधल्या अलंगला गेली. तिथे पोहोचल्यावर एका कंपनीने गोव्यात संग्रहालय करण्यासाठी ती परत विकत घ्यायची तयारी दाखवली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये तोडकामाला स्थगितीही दिली. पण तोपर्यंत नौकेचा बराच भाग तुटला होता. एप्रिलमध्ये ती याचिका निकाली निघाली. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

मग कुठे जमलं?

आपल्याकडे अजिबात जमत नाही, असंही नाही. १९७१च्या युद्धात सहभागी असलेली 'आयएनएस कुरसुरा' ही पाणबुडी फेब्रुवारी २००१ मध्ये निवृत्त झाली आणि २००२ मध्येच विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर तिचं संग्रहालय सुरू झालं. आज ते त्या शहराची ओळख आहे. तिथे तीन गोष्टी वेगळ्या होत्या. पाणबुडी सुमारे ९१ मीटरची, म्हणजे आवाक्यातली. ती पाण्यात न ठेवता ओढून वाळूवर आणली आणि पक्क्या पायावर बसवली. आणि निर्णय दीड वर्षाच्या आत होऊन जबाबदारी कुणाची हेही ठरलं. शहराच्या विकास प्राधिकरणाने ती घेतली.

परदेशातही सगळं गोडगोड नाही. दुसऱ्या महायुद्धात सर्वाधिक सन्मान मिळवणारी अमेरिकेची 'एंटरप्राइज' ही विमानवाहू नौका १९५८ मध्ये भंगारातच गेली. विक्रांतच्या वर्गातल्या सहाच्या सहा नौका मोडीत निघाल्या. ब्राझीलने आपल्या निवृत्त 'साओ पाउलो' या नौकेचं काय करायचं हे वेळेत न ठरवल्यामुळे, आणि तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसमुळे कुठलंच बंदर तिला घेईना म्हणून, २०२३ मध्ये ती अटलांटिक महासागरात बुडवून टाकली.

जिथे नौका टिकल्या, तिथे पैशाचं उत्तर आधी होतं. सॅन डिएगोची 'मिडवे' तिकीट, कार्यक्रम आणि देणग्या यांवर चालते आणि तिला वर्षाला दहा लाखांहून जास्त लोक भेट देतात. टेक्सास राज्यात 'टेक्सास' नावाची शंभर वर्षांहून जुनी युद्धनौका आहे. तिच्यात पाणी शिरू लागलं तेव्हा २०१९ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने दुरुस्तीसाठी साडेतीन कोटी डॉलर दिले आणि अट घातली की यापुढे ती एका संस्थेने स्वतःच्या बळावर चालवायची. पैसे किती, एकदाच की दरवर्षी आणि जबाबदार कोण, तिन्ही गोष्टी लिहून ठेवल्या.

मग चूक कुणाची?

२०१४ मध्ये विक्रांत विकणाऱ्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पण तोवर खरंच फार पर्याय उरले नव्हते. न्यायालयांनाही समोर जे जहाज होतं त्यावरच निकाल द्यावा लागला. वाचवता येण्याची वेळ १९९७ ते २००१ ची होती. तेव्हा तिला कोरड्या गोदीत घालून, तळ मजबूत करून, उथळ पाण्यात किंवा जमिनीवर पक्की बसवणं शक्य होतं. एवढं मोठं जहाज पूर्ण ठेवायचं परवडत नसेल, तर तिचा पूल, स्की जंप आणि डेकचा एक भाग कापून किनाऱ्यावर उभा करणंही शक्य होतं. पण 'पूर्ण विक्रांत हवी' या आग्रहात सगळीच विक्रांत गेली.

दुसरी बाजूही रास्त आहे. नौदलाचं बजेट नव्या नौकांसाठी असतं. जुन्या जहाजावर शेकडो कोटी घालण्यापेक्षा तोच पैसा आजच्या खलाशांच्या सुरक्षिततेवर गेला पाहिजे, असं कुणी म्हटलं तर ते चूक नाही. म्हणूनच स्मारकाचा खर्च संरक्षण खात्याच्या गळ्यात न घालता संस्कृती किंवा पर्यटन खात्याच्या बजेटमध्ये वेगळा लिहिलेला हवा. तो लिहायची तयारी नसेल, तर निवृत्तीच्या दिवशीच तसं स्पष्ट सांगावं. सतरा वर्षं आशेवर ठेवण्यापेक्षा ते बरं.

आता पुढे काय?

हा विषय जुना झालेला नाही. जिथे विराट उभी राहणार होती, त्याच निवती रॉकजवळ आता 'आयएनएस गुलदार' या जहाजासाठी पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ करण्याची योजना आहे. रणगाडे आणि सैनिक किनाऱ्यावर उतरवणारं हे सुमारे ८४ मीटर लांबीचं जहाज जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालं आणि पुढच्याच वर्षी महाराष्ट्राच्या पर्यटन विकास महामंडळाकडे आलं. केंद्राने प्रकल्पासाठी सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले. जहाज लहान, पैसा आधी मंजूर, जबाबदार संस्था ठरलेली. कागदावर तरी विक्रांतच्या वेळच्या तिन्ही उणिवा इथे नाहीत. अर्थात जहाजातलं तेल आणि विषारी पदार्थ नीट काढले का आणि बुडवल्यानंतर दर पावसाळ्यानंतरची देखभाल कोण करणार, यावर सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांनी आणि स्थानिकांनी लक्ष ठेवायला हवं. उद्घाटनाची फीत कापल्यानंतरच खरा खर्च सुरू होतो.

आणि मोठा प्रश्न पुढे आहेच. आयएनएस विक्रमादित्य २०१३ मध्ये आपल्या नौदलात आली, पण तिचा सांगाडा १९८२ मध्ये पाण्यात उतरला होता. कधी ना कधी तीही निवृत्त होणार. २८० मीटरहून लांब, विक्रांतपेक्षा दुप्पट वजनाची नौका. तिचं काय करायचं, कुठे ठेवायचं, किती भाग ठेवायचा, दरवर्षीचे पैसे कुठल्या खात्यातून, हे ती चालू आहे तोवर ठरलं पाहिजे. त्या दिवशी 'आम्ही तिला वाचवू' अशी घोषणा झाली, तर टाळ्या वाजवण्याआधी एवढंच विचारायचं: पहिल्या वर्षाचं सोडा, दहाव्या वर्षीचा रंग आणि पंप कुणाच्या पैशाने?